स्टिअरिंगचा शून्य

"बेल्ट राहू दे रे. मी काय लहान आहे का?" दादासाहेब म्हणाले.

"दादा, लाव ना. माझ्यासाठी म्हणून लाव," धाकटे पाटणकर खिडकीशी वाकून विनवत होते.

गाडी मुद्दाम पाणी सोडून ओल्या केलेल्या पट्ट्याच्या तोंडाशी उभी होती. मी ट्रॅकच्या कडेला रेकॉर्डरच्या केबिनमध्ये बसले होते. वॉकीटॉकीचं बटण कुणीतरी दाबून धरलं होतं, म्हणून हे सगळं मला ऐकू येत होतं. शेवटी खट्‌ असा आवाज आला. दादासाहेबांनी बेल्ट लावला होता. त्या बेल्टचे मी आजही आभार मानते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा नगरबाहेरच्या माळावर एका खाजगी टेस्ट ट्रॅकवर इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर होते. लोक गाड्या आणायचे, आम्ही त्या पळवायचो, दणकवायचो, भिजवायचो आणि काय मोडलं ते लिहून द्यायचो. ट्रॅक्टर यायचे, टेम्पो यायचे, जीप तर सारख्याच. स्पोर्ट्‌स कार आयुष्यात एकदाच आली, तीही पिवळीधमक.

ती अनंत पाटणकरांची. पुण्यात दोघा भावांचा क्लचप्लेटचा कारखाना होता. थोरले भाऊ, म्हणजे दादासाहेब, धंदा बघायचे. धाकट्यांनी मागच्या शेडमध्ये दोन सीटची गाडी बांधायला घेतली होती. इंजिन दुसऱ्या गाडीचं, बॉडी फायबरची, बाकी डोकं सगळं स्वतःचं. परदेशातल्या एका ब्रेक कंपनीशी पत्रव्यवहार करकरून त्यांनी एक नवीन यंत्रणा चाचणीपुरती मागवली होती. तेव्हा प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव द्यायची. आता सगळे ईएससी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

ती काय करते ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे.

या गाडीला मागची चाकं ढकलायची आणि पुढची वळवायची. मागून ढकलणारी गाडी चालवायला मजा येते, पण ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर जरा जास्त पडला की मागची चाकं पकड सोडतात आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. मुरलेला ड्रायव्हर तेवढ्यात स्टिअरिंग उलटं मारून तिला सावरतो. नवशिका असेल तर गाडी गरकन फिरून शेतात जाते.

ईएससी हे सावरायचं काम स्वतःकडे घेते. चाकं किती वेगानं फिरताहेत ते ती बघते. गाडी प्रत्यक्षात किती वळतेय तेही बघते. आणि स्टिअरिंग किती फिरवलंय ते बघते, कारण ड्रायव्हरला कुठं जायचंय हे तिला फक्त तिथूनच कळतं. ड्रायव्हरचं मागणं आणि गाडीचं वळणं यांचा मेळ बसला तर ती गप्प. शेपटी बाहेर जायला लागली तर ती बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावते. गाडी पुरेशी वळत नाही असं वाटलं तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला लावते. वर इंजिनाचा जोरही कमी करते. ड्रायव्हरला फक्त पायाखाली थोडी थरथर जाणवते आणि समोर पिवळा दिवा लुकलुकतो.

आमचे टेस्ट ड्रायव्हर गौतमभाऊ. मिरजगावचे. आधी उसाचे ट्रक चालवलेले. गळीत हंगामात रस्त्यावर पडलेला, चिरडलेला ऊस आणि त्यावर चिखल, असल्या घसरड्यावरून भरला ट्रक नेलेला माणूस. सकाळी हसत "जयभीम मॅडम" करायचे, मग गाडीत बसायचे आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरची माशीही हलायची नाही.

पहिल्याच आठवड्यात ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले.

"मॅडम, ही गाडी माजं ऐकंना. मी शेपूट धराया जातो, तर माज्या आधी हीच धरून बसती."

"मग तुम्ही धरू नका ना गौतमभाऊ."

"हाताला सवय हाय की. हात आपसूक जातोय."

"हाताला सांगा, जिकडं जायचंय तिकडं स्टिअरिंग धरून ठेव. बाकीचं ती बघेल."

"म्हंजी मी नुसतं बसून ऱ्हायचं?" त्यांना ते काही पटलं नाही.

पण माणूस हाडाचा ड्रायव्हर. दोन-चार दिवसांत त्यांनी हातांना शांत राहायला शिकवलं. ओल्या पट्ट्यावर प्लॅस्टिकचे हलके खांब मांडलेले असायचे. भर वेगात एका लेनमधून दुसरीत आणि परत पहिलीत यायचं, समोर अचानक म्हैस आल्यावर करतो तसं. यंत्रणा बंद ठेवली तर गाडी पार साऱ्या ट्रॅकभर नाचायची आणि गौतमभाऊच तिला ताळ्यावर आणू जाणे. चालू ठेवली की पायाखाली थरथर, दिव्याची लुकलुक आणि गाडी खांबांमधून शहाण्यासारखी बाहेर. हे पहिल्यांदा जमलं त्याच दिवशी मी पाटणकरांना गौतमभाऊंच्या शेजारी बसवलं. बाहेर आले तर डोळ्यांत पाणी. मीही फार कोरडी होते असं नाही.

यंत्रणा बंद करायचं बटण मात्र त्यांना हवंच होतं. मी म्हटलं, "कशाला? इतकी चांगली चालतेय."

"अहो मॅडम, शेपटी न हलवणारी स्पोर्ट्‌स कार म्हणजे मिरचीशिवाय ठेचा. मोकळ्या मैदानात हलवू दे ना हौशी माणसाला. रस्त्यावर चालू ठेवेल."

बरं म्हटलं. त्यांची गाडी, त्यांचं बटण.

आता राहिले होते दादासाहेब. कारखान्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे. त्यांनी धाकट्याला स्पष्ट सांगितलं होतं: मी येतो, गाडीत बसतो. मला पटली तर नवी शेड बांधू आणि गाड्या काढू. नाही पटली तर हे खूळ बंद, आणि तू मुकाट्यानं क्लचप्लेटवर बस. त्यामुळे त्या एका फेरीवर पाटणकरांची सगळी गाडी, म्हणजे सगळा जीवच, टांगलेला होता.

आदल्या दिवशी मी सगळे सेन्सर तपासले. त्यात सगळ्यात नाजूक काम स्टिअरिंगच्या शून्याचं. गाडी नाकासमोर सरळ जात असताना स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या सेन्सरनं शून्य दाखवलं पाहिजे. तो शून्य चोख होता. गाडी पाटणकरांच्या ताब्यात दिली. ते नगरात एका लॉजवर उतरले होते. रात्री तिथंच मुक्कामाला येणाऱ्या दादांना सकाळी स्वतः त्याच गाडीतून आणायचं अशी त्यांची हौस.

सकाळी चहाच्या वेळी दोघे भाऊ ऑफिसात आले. दादासाहेब जाडजूड, पांढऱ्या सफारीतले, बोलायला कमी. "तासभर उसाच्या ट्रॅक्टरच्या मागं मागं आलो. स्पोर्ट्‌स कार म्हणे," एवढंच म्हणाले. धाकटे हसले.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "पाटणकर साहेब, कालपासून गाडीला कुणी हात लावला का? काही उघडलं, काढलं, बदललं?"

"छे हो. काही नाही. तुम्ही दिली तशीच आहे."

खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. मी रेकॉर्डरच्या केबिनकडे गेले.

आधी बटण बंद ठेवून गौतमभाऊंनी एकट्यानं फेरी मारली. शेपटी डावीकडे, शेपटी उजवीकडे, पाण्याचे फवारे, आणि शेवटी गाडी बरोबर रेषेवर. बाहेर उभे असलेले दादासाहेब चक्क म्हणाले, "वा!" धाकट्यांनी माझ्या केबिनकडे बघून अंगठा वर केला. मग दादासाहेब आत बसले, बेल्टवरून वाद झाला, आणि गौतमभाऊंनी यंत्रणा चालू केली.

गाडी ओल्या पट्ट्यावर सरळ आली. वेग पुरेसा झाला. आणि खांब यायच्या आतच, सरळ रस्त्यावर, गाडीचं नाक उजवीकडे ओढलं गेलं. गौतमभाऊंनी डावीकडे दिलं. गाडी सरळ व्हायच्या ऐवजी पुन्हा उजवीकडे हिसकली. शेपटी सुटली. पुढचं काही मला सावकाश दिसलं असं मी म्हणणार नाही, भलत्या वेगानं झालं सगळं. गाडी दोनदा गरगर फिरली, खांब उडवत ट्रॅकबाहेर गेली आणि मातीच्या बांधाला मागची बाजू आपटून थांबली.

मी धावले. पाटणकर माझ्या पुढं धावत होते, चप्पल मागं राहिली तरी त्यांना कळलं नाही.

दोघे धडधाकट होते. दादासाहेबांचा चष्मा फुटला होता आणि कपाळावर टेंगूळ होतं. गौतमभाऊंचे हात अजून स्टिअरिंगवरच होते.

दादासाहेब बाहेर आले ते आधी ड्रायव्हरवरच तुटून पडले. "गाडी चालवता येते का तुला? कुठून धरून आणलाय हा?"

"साहेब, मी डावीकडं देत हुतो, ती उजवीकडं जात हुती," गौतमभाऊ म्हणाले. आवाज खाली, पण मान वर.

"दादा, तो इथला सगळ्यात चांगला—"

"अनंता, गप्प बस. बटण बंद होतं तेव्हा गाडी शहाणी. बटण चालू केलं की वेडी. मग हे बटण घेऊन करायचंय काय? लोकांना मारायचंय?"

दादासाहेबांनी टॅक्सी मागवली आणि ते पुण्याला निघून गेले. ट्रॅकचे आमचे साहेब मला म्हणाले, "काय ते शोध बाई, लवकर." जसं काही मी भेळ खायला निघाले होते!

मी रेकॉर्डरचा कागद पसरला. त्यावर प्रत्येक सेन्सरची रेघ उमटते. चाकांच्या रेघा ठीक. गाडी वळण्याची रेघ ठीक. स्टिअरिंगची रेघ बघितली आणि पट्टी लावून पुन्हा बघितली. गाडी नाकासमोर सरळ धावत होती, पण स्टिअरिंगची रेघ सांगत होती की ड्रायव्हर उजवीकडे वळतोय. काल चोख असलेला शून्य आज सरकला होता.

आता यंत्रणेच्या जागी बसून विचार करा. ड्रायव्हर उजवीकडे मागतोय आणि गाडी वळतच नाही, असं तिला दिसलं. तिनं इमानदारीनं उजव्या मागच्या चाकाला ब्रेक लावून गाडी उजवीकडे ओढली. गौतमभाऊंनी डावीकडे दिलं तेही तिच्यापर्यंत कमीच पोचलं. हात एकीकडे ओढतोय आणि ब्रेक दुसरीकडे, त्यात रस्ता ओला आणि चाकं मागची ढकलणारी. कुणीही असता तरी गाडी गेलीच असती. वेग कमी असला की ही यंत्रणा लुडबूड करत नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या मागून येताना काही कळलं नाही, आणि पहिल्या फेरीत तर ती बंदच होती.

मी शेडमध्ये गेले. पाटणकर गाडीच्या शेजारी टायरवर बसले होते.

"साहेब, स्टिअरिंग कुणी काढलं होतं का?"

"नाही. कोण काढेल?" असं म्हणता म्हणता त्यांची नजर गाडीत गेली. मीही बघितलं. स्टिअरिंगवर काळं, कडेनं पिवळ्या दोऱ्याची शिलाई घातलेलं, सुंदर लेदर कव्हर होतं.

"हे कधी?"

"काल संध्याकाळी." ते उठून उभे राहिले. "सीटकव्हरवाल्याकडे. तो म्हणाला, जाग्यावर शिवलं तर सुरकुती राहते, काढून द्या, मशीनवर ओढून देतो. परत बसवलं तर जरा तिरकं दिसत होतं. मी म्हटलं, असं चालणार नाही. मग त्यानं शेजारच्या अलाइनमेंटवाल्याकडे नेलं. त्यानं सरळ करून दिलं."

झालं. मी त्याच टायरवर बसले. कव्हरवाल्यानं स्टिअरिंग परत बसवताना, ज्या दात्यांत ते अडकतं त्यातला दांड्यावरचा एक दाता चुकवला होता. म्हणून ते तिरकं दिसलं. तेवढंच काढून नीट बसवलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण अलाइनमेंटवाल्यानं खाली चाकांकडचे रॉड फिरवून, स्टिअरिंग सरळ दिसेल असं करून दिलं. त्याच्या हिशेबानं त्यानं झकास काम केलं होतं, साध्या गाडीला काहीच फरक पडला नसता. आमच्या गाडीत दांडा कायमचा उजवीकडे फिरलेला राहिला, आणि दांड्यावरचा सेन्सर तेच खरं धरून बसला.

"मी सकाळी विचारलं होतं हो तुम्हाला," मी म्हटलं. रागानं नाही, पण म्हटलं.

"तुम्ही विचारलंत, गाडीला हात लावला का. मॅडम, कव्हर म्हणजे काय गाडीला हात लावणं झालं?" त्यांनी खिडकीतून हात घालून कव्हरच्या शिलाईवरून बोट फिरवलं. "दादाला कडक प्लॅस्टिक आवडत नाही. हात ठेवला की छान वाटावं त्याला, एवढंच होतं मनात."

गौतमभाऊ दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "कव्हर नवं दिसलं हुतं मला. पर कव्हर काय, समद्याच गाड्यांना असतंय." तेही खरंच. आपल्याकडे नवी गाडी शोरूममधून निघते ती आधी कव्हरवाल्याकडे जाते, मग घरी. ते दुरुस्तीत कुणी धरतच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही रॉड पूर्ववत केले, स्टिअरिंग बरोबर दात्यावर बसवलं, शून्य तपासला. बांधाला आपटून तडकलेली मागची बाजू फायबरच्या पट्ट्या लावून चिकटवली. पट्टा भिजवला. पाटणकर स्वतः गौतमभाऊंच्या शेजारी बसले. गाडी आली, थरथरली, दिवा लुकलुकला आणि खांबांमधून अशी निघाली की एकही खांब हलला नाही. पुन्हा आली, पुन्हा तशीच. बघायला मी होते, टँकरवाला होता आणि बांधावर शेळ्या होत्या. ज्यानं बघायला हवं होतं तो माणूस पुण्यात होता. इतकं वाईट मला नोकरीत क्वचितच वाटलं असेल.

पाटणकरांनी माझ्यासमोरच ऑफिसातून फोन लावला.

"दादा, ड्रायव्हरची चूक नव्हती. यंत्राचीही नव्हती. माझी होती. मी स्टिअरिंगला कव्हर घातलं." मग त्यांनी दात्याची, रॉडची, शून्याची सगळी कथा सांगितली. अगदी बरोबर सांगितली. मग बराच वेळ ते ऐकत राहिले. शेवटी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "मॅडम, दादाला तुमच्याशी बोलायचंय."

दादासाहेबांचा आवाज शांत होता. "मॅडम, त्या ड्रायव्हरला मी बोललो, त्याला सांगा माझं चुकलं. अन्या सांगतोय ते खरं असणार, तो खोटं बोलत नाही. पण मला एक सांगा. आम्ही उद्या शंभर गाड्या विकल्या. घेणारा पहिल्या संध्याकाळी कुठं जाईल?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"कव्हरवाल्याकडेच ना? मग अन्या प्रत्येकाच्या मागं धावणार आहे का? त्यानं स्वतः गाडी बांधली, त्याला कळलं नाही. गिऱ्हाइकाला काय कळणार?"

मी म्हणाले, सूचना लिहिता येईल, सील लावता येईल. म्हणताना माझं मलाच हसू येत होतं. आपल्याकडे सील असलं की माणूस आधी ते उघडून बघतो. दादासाहेब म्हणाले, "बरं, ठेवतो," आणि फोन ठेवला. रागीट माणसाशी भांडता येतं. हा माणूस बरोबर बोलत होता, त्याला काय करणार?

त्या आठवड्यात ट्रक आला. पिवळी गाडी ताडपत्रीखाली पुण्याला गेली. यंत्रणेची पेटी काढून, गवतात गुंडाळून, परदेशी कंपनीला परत गेली. पाटणकर निघताना गौतमभाऊंशी हात मिळवून म्हणाले, "तुम्ही चालवलीत, तेवढं तरी झालं." पुढं ते क्लचप्लेटवर बसले. त्यांची क्लचप्लेट चांगली निघते असं ऐकते. गाडी त्यांनी पुन्हा बांधली नाही.

काही वर्षांनी नव्या पेट्या आल्या. त्या सरळ रस्त्यावर गाडी धावताना स्टिअरिंगचा शून्य स्वतःच शोधून घेतात. कुणी कव्हर घालो, रॉड फिरवो, त्या थोड्याच अंतरात शहाण्या होतात, आणि फारच घोळ असेल तर दिवा लावून स्वतःला बंद करून घेतात. पहिल्यांदा ते माहितीपत्रक वाचलं तेव्हा मी ते मिटून ठेवलं. दादासाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर होतं ते. विचारणारा मात्र केव्हाच फोन ठेवून मोकळा झाला होता.

मी पुढं बरीच वर्षं त्याच ट्रॅकवर काम केलं. "गाडीला हात लावला का?" हा प्रश्न मी सोडून दिला. मी विचारायचे, "काल इथून निघाल्यापासून गाडी कुठं कुठं थांबली?" लोक सगळं सांगतात हो. पंक्चरवाला सांगतात, रसवंती सांगतात, कव्हरवाल्याचं दुकान कुठल्या चौकात तेही सांगतात. फक्त विचारावं लागतं असं, की जे त्यांना काम वाटतच नाही तेही त्यात यावं.